मढं नावाचा बँड

"डोळे मीट," सलील म्हणाला. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

मी ड्रमच्या मागे बसलो होतो. भोसरीतला तो गाळा ऑस्टिनच्या मामाचा. आठवडाभर तिथं लेथ चालायचे आणि रविवारी आम्ही. एका बाजूला फोर्जिंगचं शेड, दुसऱ्या बाजूला पॉवर प्रेस, त्यामुळे कितीही जोरात वाजवलं तरी कुणी तक्रारीला येत नसे.

"उघड."

त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर स्नेअर ड्रमवर ठेवला होता. पडद्यावर एक फरशीचं मोठं अंगण दिसत होतं. कडेला खुर्च्या. मधोमध एक म्हातारा माणूस उभा. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पायात काही नाही. मान खाली घालून तो हलगी वाजवत होता.

ते माझे वडील होते.

"एका टेकमध्ये," सलील म्हणाला. "एका टेकमध्ये दिलं काकांनी. मी गावाला जाऊन आलो बुधवारी. तुला सांगितलं नाही, सरप्राईज. ऐक, आता ऐक, इथे स्पीड वाढतो बघ."

स्पीड वाढला. उजव्या हातातलं जाड टिपरू आणि डाव्या हातातली बारीक काडी, दोन्ही दिसेनाशी झाली. ऑस्टिन बेस खाली ठेवून माझ्या खांद्यावरून बघत होता. "जबरदस्त," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मागं सरकला.

पन्नास सेकंदांची क्लिप होती. संपल्यावर मी विचारलं, "हे अंगण कुणाचं?"

"पाटलांचं. अभयराव पाटील. फार चांगला माणूस आहे रे. काकांच्या घरी हलगीच नव्हती. यांनी कुठूनतरी मागवली, गड्याकडून पाचट पेटवून ती तापवून दिली. आम्हाला जेवायला घातलं. मटण."

"कुठं जेवलात?"

"म्हणजे? घरात. आत."

"आणि तात्या?"

सलील जरा थांबला. आठवू लागला. त्याला खरंच आठवावं लागत होतं. "काका म्हणाले भूक नाही. बाहेरच बसले होते बहुतेक. का?"

मी लॅपटॉप मिटला. "हे पुसून टाक."

"काय?"

"ही फाईल. पुसून टाक."

तो हसला. मी मस्करी करतोय असं त्याला वाटलं.

हे २०१० सालचं. सलील आगाशे गिटार वाजवायचा आणि गायचा, म्हणजे घशाच्या तळातून गुरगुरायचा. ऑस्टिन बेसवर. ड्रमवर मी, नवनाथ ऐवळे. ते दोघं मला नॅव म्हणायचे. आयटीआय करून मी एकोणिसाव्या वर्षी भोसरीला लागलो, आणि दोन वर्षांनी ऑस्टिनच्या मामाकडं जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, पोचवायला गेलो असताना तिथला ड्रमसेट पाहिला. बसू का म्हणून विचारलं. आधीचा ड्रमर बाहेर फोनवर बोलत होता. तो आत येईपर्यंत सलीलनं ठरवून टाकलं होतं की इथून पुढं ड्रमवर मी.

"कुठे शिकलास?" त्यानं विचारलं.

"असंच," मी म्हणालो. चार वर्षं मी एवढंच सांगत होतो.

बँडचं नाव त्यानंच काढलं. मढं. "कसला शब्द आहे," तो म्हणाला. "जगातल्या कुठल्याही मेटल बँडकडे असा शब्द नाही." काळ्या टीशर्टवर पांढऱ्या, काट्याकाट्यांच्या अक्षरांत आम्ही तो छापून घेतला. मी तो घालून फिरायचो. काही बोललो नाही.

लोकांना मेटल म्हणजे आरडाओरडा वाटतो. मी का गेलो ते सांगतो. पहिल्यांदा एका कार्यक्रमाला गेलो तेव्हा स्टेजपुढं शे-दीडशे पोरं काळ्या कपड्यांत एकमेकांना धडका देत होती. मी कडेला उभा होतो. कुणीतरी मला दंडाला धरून आत ओढलं. मी धडकलो, पडलो, आणि पाच-सहा हातांनी मला लगेच उभं केलं. तिथं तो नियम असतो, पडलेल्याला उचलायचं. सगळ्यांचा घाम सगळ्यांना लागलेला. मी एकवीस वर्षांचा होईपर्यंत इतक्या अनोळखी लोकांचे हात माझ्या अंगाला कधी लागले नव्हते. आमच्या गावात किराणावाला सुटे पैसे माझ्या हातावर वरून टाकायचा. इथं कुणी आडनाव विचारलं नाही. 'कुठलं ऐकतोस' एवढंच विचारलं.

मग एकदा, कोल्हापूरला वाजवून येताना, गाडीत सगळे खुशीत होते आणि मीही. मी पत्र्याच्या डब्यावर दोन पेन्सिली घेऊन वाजवत बसलो. सलील मागं वळला. "हे काय आहे?"

"हलगी," मी म्हणालो. "माझे वडील वाजवायचे."

एवढंच बोललो. आणि त्या एवढ्यावर तो तीन महिन्यांनी माझ्या गावात जाऊन पोचला.

"पुसायचं का, ते तरी सांग," सलील गाळ्यात म्हणाला. त्याचा चेहरा आता उतरला होता. "पुढच्या रविवारी पंधराशे लोक असणार आहेत. मोठ्या पडद्यावर आधी काका, पन्नास सेकंद नुसती हलगी, आणि शेवटच्या ठोक्यावर तू डबल बेस, दोन्ही पायांचे ठोके घेऊन शिरायचं. बाप आणि मुलगा. असं कुणी केलेलंच नाही."

"नको."

"तुझी मुळं आहेत ती. अभिमान वाटायला पाहिजे." मग थांबून त्यानं हळू आवाजात, अगदी काळजीनं विचारलं, "तुला लाज वाटते का त्यांची?"

माझ्या हातात स्टिक होती. ती मी मांडीवर दाबून धरली. सलीलच्या आईनं मला त्यांच्या टेबलावर कितीदा जेवायला वाढलं होतं. तापाच्या साथीत मी खोलीवर पडलो होतो तेव्हा यानंच मला दवाखान्यात नेलं होतं. म्हणून मी उठलो नाही.

"रविवारी ती क्लिप लागली तर मी वाजवणार नाही," मी म्हणालो.

ऑस्टिन म्हणाला, "सलील, जाऊ दे. त्याचे वडील आहेत."

"ठीक आहे," सलील म्हणाला. "नाही लावत. तुझे वडील, तुझा निर्णय."

त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायला हवी होती. ती मी सांगितली नाही.

मी बारा वर्षांचा असताना, बेंदराच्या दिवशी पहाटे माझी आजी गेली. तात्यांची आई. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नाव मुद्दाम सांगत नाही. मांगवाड्यात आमची तीन घरं हलगीची. बेंदराला पाटलांचे बैल मिरवायचे, ते हलगीशिवाय निघत नसत. आठच्या सुमारास पाटलांचा गडी आला. थोरले पाटील तेव्हा हयात होते, अभयरावांचे वडील.

"बैलं सजल्यात," गडी म्हणाला. "वाजवाय चल."

तात्या म्हणाले, "आई गेलीया. मढं दारात हाय. मालकास्नी सांग, औंदा दुसऱ्या कुनाला तरी बघा."

गडी गेला आणि पाटलांचं उत्तर घेऊन आला. "मालक म्हनलं, मढं कुठं पळून चाललंय? बैलं मिरवून झाली की उचला."

तात्या गेले. दहापासून चारपर्यंत वाजवत होते. आई आणि चुलती आजीजवळ बसल्या होत्या. मी आणि माझा थोरला भाऊ शंकर माश्या वारत होतो. गावातून हलगी ऐकू येत होती. चांगली वाजत होती. तात्यांना वाईट वाजवता यायचंच नाही.

चारनंतर ते आले आणि त्यांनी आपल्या आईला खांदा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हलगी घेऊन चावडीवर गेले, सगळ्यांसमोर विळ्यानं तिचं कातडं फाडलं आणि म्हणाले, "आजपासनं माझ्या घरात हलगी वाजनार न्हाई. बैलाला न्हाई, लग्नाला न्हाई, मढ्याला न्हाई."

मग गावानं आम्हाला बघून घेतलं. दुकानात माल बंद. गिरणीत दळण बंद. आईला कुणी भांगलणीला बोलावेना. सार्वजनिक नळावर गेलं की पाणी संपलेलं असायचं. दीड वर्ष आम्ही शेजारच्या गावाहून दळण आणलं, जाऊन-येऊन बारा किलोमीटर. शंकरदादा नववीत होता, वर्गात पहिला. त्यानं शाळा सोडली आणि वीटभट्टीवर गेला. मी लहान म्हणून माझी शाळा राहिली. तात्या चाळिसाव्या वर्षी विट्याला एका गवंड्याच्या हाताखाली माल कालवायला लागले, आणि पुढं स्वतः गवंडी झाले. पाटलांकडून दोनदा निरोप आला, झालं गेलं विसरा, वाजवा. तात्या गेले नाहीत. तेरा वर्षं त्यांनी हलगीला हात लावला नाही.

आणि त्या क्लिपमध्ये ते त्याच अंगणात उभे होते, अनवाणी.

रविवारी दुपारी कार्यक्रम सुरू झाला. पुण्यातलं एक मोकळं मैदान होतं. आमचा नंबर सहा वाजता, अजून उजेड होता. पोरं सगळीकडून आली होती, नगर, सोलापूर, नाशिक. पुढच्या रांगेत काहींनी आमचे टीशर्ट घातलेले. मी ड्रमवर बसलो, पेडल तपासलं. सलीलनं माझ्याकडं बघून मान हलवली. मीही हलवली.

पडदा काळा झाला आणि हलगी सुरू झाली.

आधी मला वाटलं मला भास होतोय. मग मी मान वळवली. माझ्या मागं तात्या वीस फूट उंच उभे होते. पडद्याच्या खालच्या कडेला त्यांचे अनवाणी पाय, माझ्या डोक्याएवढे मोठे. त्यांच्या पलीकडं, जरा धूसर, खुर्चीत अभयराव पाटील बशीत चहा ओतत होता. लॅपटॉपवर तो मला दिसला नव्हता.

पोरं वेडी झाली. हात वर, बोटांची शिंगं, सगळ्या माना हलगीच्या ठेक्यावर खाली-वर. त्यांची चूक नव्हती. ताल होताच तसा.

स्पीड वाढला. मला शिरायची वेळ जवळ आली. ती मला मोजावी लागत नव्हती, तो ताल मी चालायच्या आधी शिकलो होतो. शेवटचा ठोका पडला.

मी दोन्ही स्टिक मांडीवर ठेवल्या आणि बसून राहिलो.

एक सेकंद, दोन, पाच. सगळं मैदान वाट बघत होतं. ऑस्टिननं बेसच्या तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. सलील माझ्याकडं धावत आला. तोंड हसरंच होतं, पुढच्यांना दिसावं म्हणून.

"वाजव," तो दातांतून म्हणाला.

"नाही."

"नॅव, वाजव. पाया पडतो. मागून बोलू."

"नाही," मी म्हणालो, आणि उठून स्टेजच्या मागं गेलो. लोक ओरडत होते. एक पाण्याची बाटली ड्रमवर येऊन आदळली.

सलील माझ्या मागोमाग आला. रडवेला झाला होता. "चार वर्षं," तो म्हणाला. "चार वर्षांचं वाटोळं केलंस तू. कशासाठी? मला वाटलं एकदा पडद्यावर बघशील, लोकांचं प्रेम बघशील, मग तुलाच कळेल. मी तुमची कला लोकांसमोर आणत होतो, आणि तू..."

तुमची, म्हणाला. चार वर्षांत आमच्यात सगळं आपलं होतं. आपलं गाणं, आपला बँड, आपली वाट लागली. तुमची हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि त्याला स्वतःला तो ऐकूही आला नाही.

मी त्याला मारलं. एकदाच, तोंडावर. तो केबलच्या ढिगावर पडला. ऑस्टिन मध्ये आला. सलीलच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो नुसता माझ्याकडं बघत होता. आपलं काय चुकलं हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मी त्याला उचललं नाही.

सकाळी स्वारगेटहून विट्याची एसटी धरली. वाटेत माझा राग फिरत गेला. आधी सलीलवर होता, मग पाटलावर, आणि कराड मागं पडलं तेव्हा तो तात्यांवर येऊन बसला. दीड वर्ष ज्याच्यासाठी आम्ही अर्धपोटी काढलं, दादाची शाळा ज्याच्यापायी गेली, ते यांनी एका बुधवारी मोडलं. कोण कुठला पोरगा पुण्याहून येतो, पाटील खुर्ची टाकून बसतो, आणि हे पायातल्या चपला काढून उभे राहतात. का? मी हाच एक प्रश्न घोकत गावात उतरलो.

तात्या शाळेच्या कंपाउंडची भिंत बांधत होते. भर दुपार होती. हाताखालचा माणूस जेवायला गेला होता. मला पाहून त्यांनी थापी खाली ठेवली नाही.

"आलास व्हय. जेवलास का?"

"न्हाई."

"आईनं भाकरी दिल्यात, त्यात बघ."

मी तिथंच उभा राहिलो. "तात्या, तुमी हलगी धरली."

ते ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघत होते. बघून झाल्यावर म्हणाले, "धरली."

"पाटलाच्या दारात."

"व्हय."

"का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करतोय का ते बघत असावेत.

"का म्हंजे?" ते म्हणाले. "तूच निरोप धाडलास न्हवं? त्यो तुजा दोस्त आला. चांगला हाय पोरगा, पाया पडला माज्या. म्हनला, नवनाथनं पाठवलंय. तुमी वाजवल्याबिगर त्येचं काम हुनार न्हाई. मी म्हनलं, घरात हलगी न्हाई. तर म्हनला, पाटलाकडं सोय झालीया." त्यांनी एक वीट उचलली, पाण्यात बुडवली. "मला वाटलं, पोरगा पुन्यात एकटा हाय. सहा वर्सांत कदी काय मागितलं न्हाई. आन् आता मागतंय म्हंजे लईच अडलं आसंल. म्हनून गेलो."



त्यांनी वीट बसवली, थापीच्या दांड्यानं ठोकली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तूच धाडलं हुतंस न्हवं?"

विचारताना त्यांचा आवाज जरा बदलला होता. मला वाटतं, तेव्हाच त्यांना शंका आली होती.

नाही म्हणालो असतो तर तेरा वर्षं पाळलेला शब्द त्यांनी एका अनोळखी पोराच्या थापेवर मोडला, असं झालं असतं. पाटलाच्या दारात उभे राहिले ते कशासाठीच नाही, असं झालं असतं. पाटलाचं तोंड, गड्यानं तापवून दिलेली हलगी, ते सगळं त्यांच्याजवळ उरलं असतं, आणि बदल्यात काहीच नाही.

"व्हय," मी म्हणालो. "मीच धाडलं हुतं."

"झालं का मग काम?"

"झालं."

"मग बरं झालं."

त्यांनी आणखी तीन विटा बसवल्या. सांध्यात माल भरला, जास्तीचा थापीनं काढून टाकला. मग म्हणाले, "नवनाथ, परत धाडू नगंस कुनाला."

"न्हाई धाडत."

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ड्रम मी सोडले नाहीत. वर्षभरानं ऑस्टिन आणि मी दुसरा बँड काढला, नाव वेगळं, आणि अजून आम्ही वाजवतो. सलील परदेशात गेला. त्यानं ती क्लिप इंटरनेटवर टाकली होती. खाली माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव. मी दोनदा काढायला सांगितलं. एकदा त्यानं काढलीही, पण तोपर्यंत ती भलत्याच लोकांनी उतरवून घेतली होती. तिच्याखाली लोक लिहितात, अंगावर काटा आला.

ती फिरत फिरत गावातल्या मोबाईलवर पोचली. दादानं ती तिथं पाहिली. त्यानं तात्यांना विचारलं, आणि तात्यांनी सांगितलं, नवनाथचा निरोप होता. पाटलासाठी नाही, पोरासाठी वाजवली. मांगवाड्यात तेच सगळ्यांना माहीत झालं. तात्यांना कुणी बोल लावला नाही. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

२०१९च्या उन्हाळ्यात तात्या गेले. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. हलगी नव्हती, त्यांच्याच शब्दाप्रमाणे. माणसं पुष्कळ जमली होती, सगळे चूप. मी पुढं जाऊन तिरडीच्या पुढच्या दांडीला हात घातला. दुसऱ्या बाजूला दादा होता. इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला.

"दीड वरीस आमी पानी पिऊन काढलं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माजी शाळा गेली. त्येचं मला कदी वाईट वाटलं न्हाई, कारन तात्यांचा शब्द ऱ्हायला. आन् तू शिकून पुन्याला गेलास, आन् एका निरोपात त्येंच्या हातात परत हलगी दिलीस."

आई माझ्याकडं बघत होती. सगळेच बघत होते. सांगायला एकच वाक्य लागलं असतं.

मी ते बोललो नाही.

"पुढं हुबा राहू नगंस," दादा म्हणाला. "मागं हो."

मी मागच्या बाजूला गेलो आणि तिथून खांदा दिला.